आधी काय बदलायचं?

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागून करंजीचा घाट ओलांडला की तिसगाव लागतं. कल्याण–विशाखापट्टणम महामार्गावरचं हे बाजाराचं गाव. मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला निघालेले, वृद्धेश्वरला जाणारे, शेवगावकडे वळणारे इथे घटकाभर टेकतात. रस्त्याच्या कडेला औषधांची, बी-बियाण्यांची, मोबाइलची दुकानं आणि त्यांच्या मधेमधे एका ठरावीक घडणीचं दुकान: झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, लग्नपत्रिका. दहा बाय बाराचा गाळा, काचेचं काउंटर, फोटोसाठी मागे ताणून बांधलेलं पांढरं कापड आणि टेबलाखाली, दुकानदाराच्या पायाशी, एक काळं कॅबिनेट. बटणावरचा रंग बोटानं घासून उडालेला.

हा लेख त्या कॅबिनेटबद्दल आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, फार्मर आयडी, पोरांचे प्रवेशाचे आणि भरतीचे फॉर्म हे सगळं त्याच्यातून जातं. मोबाइलवर ही कामं होतात असं म्हणतात, आणि बरीचशी होतातही. पण फोटो ५० केबीच्या आत बसवायचा, तीन कागदांची एकच पीडीएफ करायची, पावती छापून हातात घ्यायची म्हटलं की मावशी फोन घेऊन याच काउंटरशी येतात. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं पाथर्डी तालुक्याला झोडपलं. त्याच महिन्यात लाडक्या बहिणींना ई-केवायसी सक्तीचं झालं. नुकसानीचे कागद एका बाजूला आणि ओटीपीची वाट पाहणाऱ्या बायकांची रांग दुसऱ्या बाजूला, अशा धांदलीत या दुकानांतल्या संगणकांपुढे आणखी एक तारीख येऊन उभी राहिली: १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी विंडोज १० ला आपोआप मिळणारी सुरक्षेची मोफत डागडुजी थांबली.

यंत्र त्या दिवशी बंद पडणार नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. १५ तारखेला बटण दाबलं की ते नेहमीसारखंच सुरू होणार होतं. प्रश्न पुढचा आहे. नवीन घ्यायचं तर तीस-पस्तीस हजार एकरकमी काढायचे, आणि एका फॉर्ममागे वीस-तीस रुपये सुटणाऱ्या धंद्यात ती रक्कम एकदम निघत नाही. मग टप्प्याटप्प्यानं एकेक पार्ट बदलत जायचं. ते बदलायचं कोणत्या क्रमानं?

ज्या दुकानात मी बसलो होतो त्याच्या मालकानं पहिल्यांदा अट घातली. “नाव छापू नका. गिऱ्हाईक म्हणेल, याचं मशीनच जुनं.” मशीन खरोखरच जुनं. २०१३ साली असेंबल करून घेतलेलं: इंटेलचा पेंटियम, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज ७. पुढे विंडोज १० फुकटात मिळत होतं तेव्हा चढवलं, रॅम चारवर नेली, आणि तेव्हापासून ते चालूच आहे.

आपल्या खेड्यांत संगणक लाटांनी आला, आणि प्रत्येक लाट आपलं वय मागे ठेवून गेली. २००१ साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी सुरू झाला आणि तालुक्याच्या गावांत, मग बाजाराच्या गावांत, संगणकाचे क्लास निघाले. २०११ मध्ये ‘संग्राम’ आलं. पूर्ण नाव संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र. ग्रामपंचायतींत संगणक, प्रिंटर आणि तो चालवणारा पोरगा बसला. ते गुंडाळल्यावर २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रं’ आली. शाळांच्या लॅब पाच-पाच वर्षांच्या करारावर उभ्या राहिल्या, करार संपला, शिक्षक गेला, यंत्रं कुलपात राहिली. या सगळ्यांतून मोकळी झालेली आणि त्याच सुमारास खासगी घेतलेली यंत्रं आज दहा-बारा वर्षांची आहेत. म्हणजे या दुकानातलं कॅबिनेट काही अपवाद नाही. तो सरासरी वयाचा गडी आहे.

सकाळी सव्वानऊला दुकानदारानं बटण दाबलं. पंखा घुरघुरला, पडद्यावर विंडोजची निळी खूण आली आणि ठिपके फिरायला लागले. त्यानं शटर पूर्ण वर सारलं, उदबत्ती लावली, काउंटर पुसलं, शेजारून चहा सांगितला. डेस्कटॉप दिसला तेव्हा चहा आला होता, पण ब्राउझर उघडायला चहा संपावा लागला. “हे आता चालू झालंय का?” मी विचारलं. “दिसतंय, पण चालू नाही,” तो म्हणाला. टास्क मॅनेजर उघडायला लावला. प्रोसेसर २० टक्के, मेमरी ७०, आणि डिस्कच्या रकान्यात लाल रंगात १००. पाच मिनिटं तो आकडा हलला नाही.

यात सगळं निदान आलं. हार्डडिस्क म्हणजे मिनिटाला ७,२०० वेळा फिरणारी तबकडी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारी सुई. सुईला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन माहिती उचलायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण शंभर वेळा उचल. विंडोज १० सुरू होताना अपडेट, अँटिव्हायरस, शोधसूची अशी डझनभर कामं एकदम त्या सुईला हाका मारतात. प्रोसेसर मोकळा बसलेला असतो, कारण त्याच्यापर्यंत काही पोचतच नाही. हार्डडिस्कच्या जागी बसवायच्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. ती अशा छोट्या उचली सेकंदाला हजारोंनी करते. २५६ जीबीची साधी साटा एसएसडी २०२५ मध्ये दीड-दोन हजारांत मिळत होती. जुन्या डिस्कवरचं सगळं, मावत असेल तर, आहे तसं तिच्यावर उतरवता येतं, त्याला ‘क्लोन मारणं’ म्हणतात. काम तासा-दीड तासाचं.

एच-६१ चा साटा पोर्ट जुन्या पिढीचा, तीन गिगाबिटचा, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग इथे मिळत नाही, असं इंटरनेटवर वाचून काहीजण मागे हटतात. हटू नये. मोठी फाइल एका दमात हलवताना तो फरक कळेल, पण फॉर्म भरण्याच्या धंद्यात मोठी फाइल कुठे आहे? इथे लागते ती छोटी-छोटी उचल, आणि ती जुन्या पोर्टावरही झपाट्यानं होते.

तरीही बहुतेक जण आधी रॅम टाकतात. ती दिसते, बसवायला सोपी, ‘चारची आठ केली’ असं सांगता येतं. पाथर्डी तालुक्यात हे समजावून द्यायला फार बोलावं लागत नाही. विहिरीत पाणी नसताना पाचची मोटार काढून साडेसातची बसवली तर काय होतं, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

रॅमच्या बाबतीत आणखी एक खाच आहे, आणि तिच्यात मी अनेक दुकानं अडकलेली पाहिली आहेत. जुन्या प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर चालावा म्हणून यंत्रात विंडोजची ३२ बिटची आवृत्ती असते. तिला चार जीबीच्या पलीकडचं काही वापरता येत नाही, आणि चारपैकीही सव्वातीनच्या आसपासच हाती लागते. मालक हजार रुपये देऊन आठ जीबी टाकतो, हार्डवेअरवाला पैसे घेऊन जातो, यंत्र होतं तसंच राहतं. तेव्हा रॅम घेण्याआधी ‘सिस्टिम’च्या पानावर ६४ बिट लिहिलंय का, एवढं वाचावं. फुकट आहे.

आणि त्याही आधी एक प्रश्न विचारावा: वेळ नक्की जातो कुठे? सप्टेंबरभर या दुकानात जे ‘हँग’ झालं त्यातलं निम्मं यंत्राचं नव्हतंच, पलीकडचा सर्व्हर दमला होता. ओटीपी येत नव्हता, आला तर पान वेळ संपल्याचं सांगत होतं. ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द आता गावात आजीबाईसुद्धा बिनचूक वापरतात. त्याला एसएसडीचा उपयोग नाही आणि रॅमचाही नाही. दुकानदाराची परीक्षा सोपी आहे. वर्डमधली साधी फाइल उघडायला वेळ लागला तर मशीन, फाइल पटकन उघडली आणि पान लटकलं तर नेट किंवा सरकार.

एवढं वाचून कुणी तडक एसएसडी आणायला निघालं तर मी त्याला दारातच थांबवीन. कॅबिनेट उघडल्याशिवाय काही विकत घेऊ नये. पाथर्डी हा अवर्षणाचा तालुका, वर्षातले आठ महिने माती मोकळी असते, महामार्गाची वाहतूक ती उडवत राहते, आणि जमिनीलगत ठेवलेला संगणक दिवसभर आपल्या पंख्यानं ती आत ओढत असतो. दुकानदारानं बाजूचा पत्रा काढला तेव्हा प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर करड्या रंगाची वाकळ बसली होती, अखंड, उचलली तर एका तुकड्यात निघेल अशी. उष्णता बाहेर पडायला वाट नसली की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारचं यंत्र सकाळच्या यंत्रापेक्षा हळू चालतं, ते यामुळे. ब्लोअर मारला, हीटसिंक काढून वाळलेली पेस्ट पुसली, नवी शेंगदाण्याएवढी लावली. खर्च शंभर-सव्वाशे. अपग्रेडच्या यादीत हे कधीच लिहिलेलं नसतं, कारण यात नवीन काही घरी येत नाही.

तसंच खोडरबराचं. कॅबिनेटमधून तीन बीप येतात, पडद्यावर काही दिसत नाही, आणि माणूस मदरबोर्ड उडाला म्हणून हताश होतो. इथला कोणताही हार्डवेअरवाला आधी रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हातानं घासतो, पुसून परत बसवतो. दहापैकी सात-आठ वेळा डिस्प्ले येतो. दमट हवेनं त्या दातांवर साय धरलेली असते, एवढंच.

तिसरी गोष्ट म्हणजे सेल. मदरबोर्डवर रुपयाएवढी चपटी बॅटरी असते, सीआर-२०३२, घड्याळवाल्याकडेही मिळते. ती संपली की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि बोर्ड बनला त्या सालात जाऊन बसतो. मग ब्राउझरला वाटतं की सरकारी पोर्टलचं सुरक्षेचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ असा लाल इशारा येतो. लोकांनी यावर अख्खं यंत्र फॉरमॅट केलेलं मी ऐकलं आहे. तीस रुपयांचा सेल होता.

विजेवर मात्र जरा थांबायला हवं, कारण गावाकडच्या संगणकाचं आयुष्य प्रोसेसरच्या पिढीपेक्षा विजेवर ठरतं. कॅबिनेटच्या पत्र्याला उघडा हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की लोकांना तो संगणकाचा स्वभावच वाटतो. तो अर्थिंग नसल्याचा पुरावा आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डबीच्या, तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारी वीज जमिनीत जाते. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, ११५ व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी किरकोळ असल्यानं माणसाला इजा होत नाही, पण यूएसबीला प्रिंटर जोडताना, चालू यंत्रात पेनड्राइव्ह खोचताना ठिणगी पडते आणि पोर्ट जातो. प्लगाची तिसरी मोठी पिन कित्येक गाळ्यांत सॉकेटमध्ये जाते आणि तिथेच संपते, मागे तारच नसते. कोळसा-मीठ घालून रॉड पुरणं आणि तिथपर्यंत तार ओढणं हा संगणकाचा पार्ट नव्हे. पण टप्प्याटप्प्याच्या योजनेत मी तो एसएसडीच्याही वर लिहीन.

त्याच्या खालोखाल एसएमपीएस. नव्या कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा एसएमपीएस डबीवर ४५० वॉट लिहून येतो. हातात घेतला तर वजनातच कळतं. त्यातले कपॅसिटर उष्णतेनं सुकत जातात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. भारनियमनानंतर वीज परत येते ती नेमस्तपणे येत नाही, आधी उसळते. अशा धक्क्यात एसएमपीएस एकटा गेला तर नशीब. जाताना तो बोर्ड आणि डिस्कही बरोबर नेऊ शकतो. म्हणून जुन्या, फुगलेल्या एसएमपीएसवर नवी एसएसडी चढवणं म्हणजे नवा पैसा जुन्या जोखमीला बांधणं. चांगल्या नावाचा एसएमपीएस दोन-अडीच हजारांना येतो, आणि तो पुढच्या यंत्रातही चालतो. यूपीएसचं तसंच. ६०० व्हीएचं खोकं वर्षानुवर्षं टिकतं, आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते. लोक खोकं फेकतात. बॅटरी बदलली की झालं.

‘पुढच्या यंत्रातही चालतो’ ही गोष्ट मी मुद्दाम लिहिली. टप्प्याटप्प्यानं बदलायचं तर पार्टांच्या दोन जाती ओळखाव्या लागतात. काही पार्ट मालकाबरोबर राहतात, काही बोर्डाबरोबर जातात. मॉनिटर, एसएसडी, एसएमपीएस, यूपीएस, कीबोर्ड, आणि कॅबिनेटसुद्धा, हे आपले. एटीएक्स नावाचं माप इंटेलनं १९९५ साली ठरवलं. कुठे स्क्रू यावा, मागची खिडकी केवढी असावी, हे तेव्हापासून इतकं टिकलं आहे की त्या काळातल्या साध्या कॅबिनेटात आजचा बोर्ड बसतो. उलट प्रोसेसर आणि रॅम बोर्डाला बांधलेले. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही, खाच वेगळ्या जागी कापलेली असते. म्हणजे आज या यंत्रात टाकलेली डीडीआर-३ रॅम याच यंत्राबरोबर संपणार. टाकायची तर जुनी, चार-पाचशेची टाकावी, आठवर थांबावं. एच-६१ वर सोळापर्यंत जाता येतं, दोनच खाचा असतात. पण जाऊ नये.

संगणक असा सुट्या पार्टांचा असतो हे काही निसर्गानं दिलेलं नाही. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमनं पहिला पीसी काढला तेव्हा बोर्डावर पाच रिकाम्या खाचा ठेवल्या आणि त्यांत काय बसू शकेल याची माहिती उघड छापली. त्यातून बाकीच्यांनी कार्डं बनवली, मग अख्खे संगणक बनवले. त्याच खाचेतून आपली भाषा संगणकात शिरली. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्र विकसित झालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि ते काम तिथे पुढे गेलं. जिस्ट कार्ड नावाची एक पाटी पीसीच्या खाचेत बसवली की डॉसच्या इंग्रजी पडद्यावर देवनागरी उमटायची. मराठी लिहायची तर संगणकात पार्ट टाकावा लागे. सरकारी कचेऱ्यांतल्या कितीतरी जुन्या माणसांनी टंकलेखन यंत्र सोडून पहिलं मराठी टंकलं ते अशा कार्डावर.

आणि याच मराठीमुळे तिसगावच्या या दुकानात एक दुसरं, आणखी जुनं कॅबिनेट आहे. कोपऱ्यात, फडक्याखाली, विंडोज एक्सपी. त्यावर पेजमेकर चालतं, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये निघाली, आणि पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं, मढीच्या यात्रेची हँडबिलं, ग्रामसभेच्या नोटिसा असा पंधरा वर्षांचा मजकूर त्यात आहे, आणि तो युनिकोडमध्ये नाही. त्या वेळच्या फॉन्टांत ‘क’ म्हणजे इंग्रजी फॉन्टातल्या कुठल्यातरी चिन्हाच्या जागेवर काढलेलं चित्र. फॉन्ट बदलला की सगळी पत्रिका कचरा होते. शिवाय तेव्हाच्या डीटीपी सॉफ्टवेअरला संगणकाच्या पाठीशी खोचायचं कुलूप लागे, डोंगल. पहिली डोंगलं प्रिंटरच्या जाड पॅरलल पोर्टात बसायची. नव्या बोर्डावर तो पोर्टच नसतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, पण हे यंत्र इंटरनेटला जोडलेलंच नाही, त्यामुळे नेटवरून येणारी भीती त्याला नाही. फाइल पेनड्राइव्हनं बाहेर येते, पीडीएफ होऊनच. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. जे यंत्र एकच काम करतं, नेटला नसतं आणि चालतंय, त्याला हात लावू नये. त्यातल्या हार्डडिस्कची एक प्रत काढून ठेवावी म्हणजे झालं, आणि ती दुकानदारानं काढलेली नव्हती. आता काढली.

पुढच्या यंत्राकडे परत. विंडोज ११ च्या अटी सरळ आहेत: टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची. २०१३ चा पेंटियम तिसऱ्या पिढीचा. पळवाटा आहेत, त्या वापरून विंडोज ११ अशा यंत्रावर चढवणारे जागोजाग भेटतात, पाचशे रुपयांत. ते चालतंही. पण पुढचं मोठं अपडेट येईल की नाही, याची हमी कंपनी देत नाही, पाचशे घेणाराही देत नाही. कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या यंत्रांना तर पळवाटही उरलेली नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोसेसरकडून असा एक आदेश मागतं जो त्यांना मुळात येतच नाही.

बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलावा का? तिसऱ्या पिढीचा जुना आय-५ हजार-दीड हजाराला मिळतो, याच सॉकेटात बसतो, चार कोअर मिळतात. मोह होतो. पण विंडोज ११ साठी तोही बाद, आणि फॉर्म भरायला चार कोअर लागत नाहीत. इंटेलनं २००९ पासून ११५६, ११५५, ११५०, ११५१, १२००, १७००, १८५१ अशी सॉकेटं बदलत नेली. दोन-तीन वर्षांनी नवा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्डही नवा. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर मात्र २०१७ चा रायझन काढून २०२२ चा बसवता आला. टप्प्याटप्प्यानं जायचं ठरवून नवीन बोर्ड घेणाऱ्यानं प्रोसेसरच्या जाहिरातीपेक्षा ही सॉकेटाची कुंडली आधी पाहावी.

१४ ऑक्टोबरच्या तारखेवर दोन उतारे आहेत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट देऊ केली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्ज त्यांच्याकडे साठवायला हो म्हटलं तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. दुसरा उतारा लिनक्सचा. मिंट किंवा उबुंटू या पेंटियमवर एसएसडीसकट मजेत चालतं, मराठी टंकता येतं, ब्राउझर तोच. सी-डॅकनं स्वतःचं बॉस लिनक्सही काढलं आहे. शाळेच्या कुलूपबंद लॅबला मी हेच सुचवीन. पण सेवा केंद्राची अडचण अंगठ्याच्या यंत्राशी येते. बायोमेट्रिक उपकरणाचा, डिजिटल सहीच्या टोकनचा आणि स्वस्त स्कॅनरचा ड्रायव्हर विंडोजचाच सहज मिळतो. एका अंगठ्यासाठी अख्खी विंडोज ठेवावी लागते.

तेव्हा दुकानदारानं हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर जे लिहिलं ते असं. सफाई, पेस्ट आणि सेल झालेच. दिवाळीच्या आत अर्थिंग, गाळामालकाशी अर्धा-अर्धा खर्च. एसएसडी लगेच, कारण रांग आत्ता आहे. जानेवारीत पत्रिकांचा सीझन लागला की एसएमपीएस. रॅमसाठी काही नाही, कुणाचं यंत्र मोडीत निघालं तर पट्टी मागून ठेवायची. जूनमध्ये प्रवेशाचे फॉर्म सुरू होतात, तेव्हा हातात पैसा खेळतो. पुढच्या ऑक्टोबरच्या आत बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदम, आणि बाकी सगळं याच कॅबिनेटमधलं तसंच. डीडीआर-४ बनवणाऱ्या कंपन्यांनी पुढच्या पिढीकडे मोहरा वळवल्यानं तिचे भाव २०२५ मध्ये चढले होते, म्हणून ‘रॅम बघून’ असं त्यानं कंसात लिहिलं.

मी त्याला रिफर्बिश्डचा पर्याय सांगितला. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले डेस्कटॉप एकगठ्ठा काढतात, आणि आठव्या पिढीचं चांगलं यंत्र पंधरा हजारांच्या आसपास मिळतं. त्याला ते माहीत होतं. त्याच्या मेहुण्यानं घेतलं होतं, नावाजलेल्या कंपनीचं. वर्षभरात एसएमपीएस गेला, तेव्हा कळलं की त्याची पिनच वेगळी, बाजारातला एटीएक्स चालत नाही, बोर्डाचं मापही कंपनीचं स्वतःचं. आठवडा दुकान बंद. “माझं डबडं जुनं आहे,” तो म्हणाला, “पण त्याचा कुठलाही पार्ट नगरला संध्याकाळपर्यंत मिळतो.” ऑफिसात जिथे दुसरं यंत्र शेजारी उभं असतं तिथे रिफर्बिश्ड फायद्याचं आहे. एकाच यंत्रावर पोट असेल तर त्याचं म्हणणं खोडून काढणं मला जमलं नाही.

एसएसडी बसली त्या दिवशी क्लोन मारून झाल्यावर जुनी हार्डडिस्क काउंटरवर पडली होती. हार्डवेअरवाला म्हणाला, “दादा, दोनशे देतो, सीसीटीव्हीवाल्याला लागते.” दुकानदार देणारच होता. मी त्याला तिच्यातला डाउनलोड्सचा फोल्डर उघडून बघायला सांगितला. बारा वर्षांत लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली आधार कार्डं, बँकेची पासबुकं, सातबारे, सह्यांचे फोटो, पॅन कार्डं. नावानिशी नाही, आकड्यांच्या नावांनी, पण प्रत्येक उघडत होतं. फॉरमॅट मारलं तरी यातलं बरंच परत काढता येतं, हे हार्डवेअरवाल्यानंच सांगितलं, जरा चाचरत. त्यानं दोनशेची नोट परत खिशात घातली. दुकानदारानं शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ड्रिल मागवलं आणि पायरीवर ठेवून डिस्कला तीन भोकं पाडली. मग हात झटकून आत गेला, कारण काउंटरशी दोन बायका ओटीपी आलाय म्हणून ओरडत होत्या.